कोठार भरले, गाव अडले

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात संगणकावरच्या खेळाविषयी कोणी लिहिले, की वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, डोळ्यांची नासाडी आणि नापासाचे हमखास कारण, अशी आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. बंदुका झाडण्याच्या आणि पैसे लावण्याच्या खेळांनी कित्येक घरांची झोप उडवली आहे. परंतु एखादी भिकार रहस्यकथा वाचून साऱ्या वाङ्मयाची किंमत कोणी करीत नाही. मग दोन-चार खेळांवरून साऱ्या खेळांची किंमत का करावी? मी ज्या खेळाविषयी लिहिणार आहे त्यात मारामारीपेक्षा ओझी वाहण्याचेच काम अधिक आहे. आणि ओझी वाहणे हा विषय आम्हा कुपवाडकरांना परका नाही.

वसाहत वसविण्याचे खेळ अशी खेळांची एक जात आहे. त्यांचा मूळपुरुष म्हणता येईल असा खेळ म्हणजे ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’. टार्न ॲडम्स व झॅक ॲडम्स या दोन अमेरिकन भावांनी तो रचला आणि २००६ साली लोकांपुढे ठेवला. पुष्कळ वर्षे त्यात चित्रेसुद्धा नव्हती; अक्षरे आणि चिन्हे यांवरूनच डोंगर, नदी, माणूस, मांजर ओळखायचे. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने प्रथमच संगणकीय खेळ आपल्या संग्रहात घेतले. त्या पहिल्या चौदांत हा एक होता. २०२२ च्या डिसेंबरात त्याची चित्रांसह आवृत्ती निघाली. जुन्या धर्तीची मात्र अजूनही फुकट मिळते. माझ्यासारख्या, वापरलेल्या जुन्या लॅपटॉपवर काम भागविणाऱ्याला हे फुकट मिळणे महत्त्वाचे.

खेळाची मांडणी अशी. सात बुटके एक गाडा घेऊन डोंगराच्या पायथ्याशी येतात. डोंगर पोखरून त्यांनी गाव वसवायचे. खोल्या, शेती, भट्ट्या, सुतारशाळा, दवाखाना, सारे उभारायचे. खेळणाऱ्याने कोणाला हात धरून चालवायचे नसते. ‘इथे खणा’, ‘इथे धान्य ठेवा’, ‘इतक्या पलंगांचे काम काढा’ एवढे त्याने सांगून ठेवायचे. ज्याचा हात रिकामा असेल तो ते काम उचलतो. गाव नावारूपाला आले की बाहेरचे लोक वस्तीला येतात, व्यापाऱ्यांचे तांडे येतात, शत्रूही येतात. वस्ती दोनशेपर्यंत वाढते. जिंकण्याची अट अशी काही नाही. गाव टिकवायचे, एवढेच.

आता गंमत पाहा. शत्रूने हल्ला केला, पूर आला, दुष्काळ पडला म्हणून पुष्कळ गावे संपतात. पण ज्या गावांना यातले काही झाले नाही, ज्यांची कोठारे तुडुंब भरली, ती गावे आणखी एका प्रकाराने संपतात. ती हळू होत जातात. या खेळातला काळ ठोक्याठोक्याने पुढे सरकतो. सेकंदाला शंभर ठोके ही सर्वसाधारण मर्यादा. प्रत्येक ठोक्याला संगणकाने साऱ्या गावाचा हिशेब करायचा: कोण कुठे निघाला, त्याची वाट कोणती, पाणी कुठे वाहते आहे, कोणत्या वस्तूचे काय झाले. गाव लहान असते तेव्हा हा हिशेब चुटकीसरशी होतो. माणसे वाढतात, जनावरे वाढतात, वस्तू हजारांवरून लाखाकडे जातात. मग सेकंदाला शंभराचे पन्नास ठोके होतात, पन्नासाचे वीस, विसाचे दहा. बुटका एक पाऊल उचलतो आणि ते खाली टेकेपर्यंत आपण बघत बसायचे. खेळ बंद पडत नाही, कोणी मरत नाही, पण गाव पुढे जात नाही. जुन्या खेळाडूंनी या शेवटाला एक नावच दिले आहे. मराठीत आपण त्याला ‘गतिमृत्यू’ म्हणू.

या गतिमृत्यूची कारणे शोधू लागलो की मोठी मौज वाटते. पहिले कारण म्हणजे मांजरे. उंदरांच्या बंदोबस्ताला दोन मांजरे आणावीत, तर थोड्या वर्षांत त्यांची पन्नास होतात, आणि प्रत्येक मांजर स्वतंत्रपणे कुठे तरी निघालेले असते. त्या प्रत्येकाची वाट संगणकाला शोधावी लागते. दुसरे कारण म्हणजे जुनी वस्त्रे. बुटक्यांचे कपडे झिजतात, ते नवे घेतात आणि फाटके मोजे, सदरे खोल्यांतून पडून राहतात. त्या एकेका मोज्याची नोंद संगणकाच्या वहीत कायम असते. तिसरे कारण दगड. डोंगर खणला की दगड निघणारच, आणि ते सारे उचलून नीट रचून ठेवावेत असा मोह नव्या खेळाडूला होतोच होतो.

परंतु सर्वांत बोधप्रद कारण आहे ते खुद्द कोठाराचे. खेळाडूने जमिनीवर एक चौकोन आखून ‘ही लाकडाची जागा’ असे जाहीर केले, की गावाच्या कानाकोपऱ्यात पडलेले प्रत्येक लाकूड हे एक ‘काम’ बनते. कोणी तरी तिथवर जायचे, ते उचलायचे आणि त्या चौकोनात आणून ठेवायचे. चौकोन जेवढा मोठा तेवढी कामे अधिक. म्हणजे कोठार रिकामे असले तरी ते स्वस्थ बसत नाही. ते माल ओढू लागते. लोहाराचे हातातले काम संपले की तो दगड उचलायला जातो, आणि भट्टीवर पुढचे काम येते तेव्हा तो पार तळच्या मजल्यावर असतो. शेतातले पीक कापायला कोणी नाही, कारण सारे गाव शेजारच्या खाणीतून कोणाला न लागणारे दगड वाहून आणते आहे! पेट्यांची आणखी निराळी कथा. सुटा माल पेटीत भरावा म्हणून एक जण पेटीच उचलून मालाकडे निघतो; तेवढा वेळ त्या पेटीतल्या इतर वस्तूंना कोणालाच हात लावता येत नाही. माल आहे, पण मिळत नाही. आपल्या बारावीच्या अर्थशास्त्रात ‘साठा’ आणि ‘पुरवठा’ यांतला फरक दोन गुणांसाठी पाठ करावा लागतो. साठा म्हणजे जवळ असलेला एकूण माल, आणि पुरवठा म्हणजे त्यातला ठरावीक किमतीला, ठरावीक वेळी विक्रीला निघालेला भाग. हा फरक त्या अडकलेल्या पेटीइतका स्वच्छ मला दुसऱ्या कशानेही समजलेला नाही.

यावर उपाय काय? जाणते खेळाडू पुष्कळ उपाय सांगतात. कोठार कारखान्याच्या शेजारी करा आणि लहान करा. दगड जिथे निघाला तिथेच पडू द्या. लागते तेवढेच पिकवा, लागते तेवढेच घडवा. व्यापाऱ्यांचा तांडा आला की पडून असलेला माल, कमी मोबदल्यात का होईना, देऊन टाका. वस्तीला मर्यादा घाला. हे उपाय शहाणपणाचे आहेत. पण याखेरीज दोन चतुर युक्त्याही प्रचारात आहेत, आणि त्या विचार करण्याजोग्या आहेत.

पहिली युक्ती अशी की, रुळावरच्या गाडीतून माल एकाच चौरसावर ओतत राहायचे. खेळाच्या नियमातल्या एका फटीमुळे त्या एका चौरसात हजारो वस्तू मावतात. जागा वाचते, चालणे वाचते. परंतु वस्तू कमी होत नाहीत. वहीतली प्रत्येक नोंद कायमच राहते. म्हणजे नजरेआड झाला तरी भार भारच राहिला. दुसरी युक्ती म्हणजे नको असलेला माल उचलत्या पुलाखाली ठेवायचा आणि पूल खाली पाडायचा. माल नाहीसा होतो. मागे चुरासुद्धा उरत नाही. बुटक्यांनी वर्षभर राबून घडविलेल्या वस्तू एका क्षणात शून्य! खेळात हे गमतीचे वाटते. पण ब्राझील देशाने १९३१ ते १९४४ या काळात कॉफीचे भाव सावरण्यासाठी सुमारे ७ कोटी ८० लाख पोती कॉफी नष्ट केली, हे वाचल्यावर गंमत ओसरते. आणि टोमॅटोचे भाव कोसळले की रस्त्यावर ओतलेल्या क्रेटांचे दृश्य आपल्याला ब्राझीलला न जाताही पाहायला मिळते.

इथवर जे सांगितले ते पडद्यावरचे. आता पडद्याबाहेर येऊ.

आमच्या सांगलीला साठ्याचे शास्त्र शिकायला बाहेर जाण्याचे कारण नाही. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरची हळदीची पेवे ही त्या शास्त्राची मोठी पाठशाळा होती. हरिपूरच्या जमिनीत खोलवर मातीच मातीचा थर आहे. दगड लागत नाही, पाणी लागत नाही. त्या मातीत अरुंद तोंडाचे आणि आत रुंद होत जाणारे खोल पेव खणायचे, आतून शेणाने सारवायचे, कडेने पाचट आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत हवा राहत नाही, म्हणून किडा राहत नाही. हळद वर्षानुवर्षे टिकते. सिमेंट नाही, वीज नाही, औषधाची फवारणी नाही. पेव उघडल्यावरही कोणी लगेच आत उतरत नसे. काही तास ते उघडे ठेवायचे, कंदील खाली सोडून पाहायचा, तो तेवत राहिला तरच माणूस आत जायचा. साठा करताना तो बाहेर कसा काढायचा, काढणाऱ्याच्या जिवाला धोका काय, याचा विचार त्या रीतीतच बांधलेला होता. मला पेवाचे मोठेपण वाटते ते इथे.

२००५ च्या महापुराने या पेवांत पाणी शिरले, पुष्कळ पेवे निकामी झाली. २०१९ च्या पुराने उरल्यासुरल्यांची परीक्षा पाहिली. व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. आमच्या बाजूला औद्योगिक वसाहत, तिथे कारखान्यांच्या शेड, आणि शेडच्या शेजारी गोदामे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली आणि हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. मात्र मानांकन मिळालेले पोते एका जागेवरून दुसऱ्या जागी आपोआप जात नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

माझे वडील हमाली करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. गोदाम ही गोष्ट मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी वडिलांच्या तोंडून ऐकलेली आहे. पोत्यांची थप्पी कशी मारावी, कोणत्या थराला पोती आडवी घ्यावीत आणि कोणत्या थराला उभी, भिंतीपासून किती अंतर सोडावे म्हणजे ओल लागत नाही, हे सारे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांचा सारा भर एका शब्दावर असतो: वाट. दोन थप्प्यांमध्ये माणूस पोते घेऊन वळेल एवढी वाट पाहिजे. मालकाला वाट म्हणजे वाया गेलेली जागा दिसते. त्याला वाटते, इथे आणखी साठ पोती बसली असती. आणि तो ती बसवतो. मग पाठीमागच्या थप्पीतले जुने पोते आधी काढायचे ठरले, की पुढची सारी पोती उचलून दुसरीकडे ठेवायची, जुने काढायचे आणि पुढची पुन्हा लावायची. एका गोदामात वडिलांनी हे काम पुष्कळ दिवस केले. तिथे हिशेबात धरले जाई ते दारातून बाहेर गेलेले पोते. आतल्या आत हलवलेली चाळीस पोती कोणत्याच वहीत नसत.

“साठा हलला तर धंदा, न्हाईतर नुस्तं वझं,” असे वडील म्हणतात. ते शाळेत चौथीपर्यंत गेले. खेळाविषयी त्यांना काही ठाऊक नाही. पण शेकडो खेळाडूंनी रात्री जागून जो सिद्धांत काढला, तो हाच.

मला इथे माझा मुख्य मुद्दा मांडायचा आहे. संगणकाचा खेळ आणि खरे गोदाम यांत एक फार मोठा फरक आहे. खेळात साठ्याचा भार ज्याने साठा केला त्याच्याच वाट्याला येतो. त्याचाच पडदा हळू होतो, त्यालाच ताटकळावे लागते, त्यालाच आपली चूक कुठे झाली हे शोधावे लागते. संगणक हा प्रामाणिक हमाल आहे: जेवढे ओझे तेवढा तो उघडपणे हळू चालतो. खऱ्या गोदामात मात्र मालकाचे घड्याळ हळू होत नाही. तिथे हमाल आपली चाल कमी होऊ देत नाही, कारण चाल कमी झाली तर उद्या बोलावणे येणार नाही. चुकीच्या रचनेचा सारा भार त्याच्या मणक्यात, गुडघ्यात आणि दम्यात जिरतो. बाहेरून गोदाम सुरळीत चाललेले दिसते. म्हणून रचना सुधारावी असे कोणाला वाटतच नाही! ज्याला भार सोसावा लागतो त्याला रचनेत शब्द नाही, आणि ज्याचा शब्द चालतो त्याला भार कळत नाही. गोदामशास्त्राचे सारे दुखणे या एका वाक्यात आहे असे मला वाटते.

याला कायद्याने काहीच उत्तर दिले नाही असे नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. असंघटित अंगमेहनतीच्या कामगारांसाठी मंडळे, नोंदणी आणि मजुरीचा हिशेब यांची सोय त्याने केली. त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांची चळवळ होती. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली. परंतु शंभर किलोचे पोते पाठीवर घेतलेली पिढी आजही आमच्या गल्लीत सकाळी उन्हाला बसलेली दिसते. तिला उठताना भिंतीचा आधार लागतो. कायदा पोत्याचे वजन मोजतो, मजुरीचा दर मोजतो. पण मालकाने वाट बुजवली म्हणून वाढलेल्या खेपा मोजायला कोण येणार?

दुसरा प्रश्न आहे तो साठा करण्याचा अधिकार कोणाचा, हा. हळद काढली, शिजवली, वाळवली, पॉलिश केली, की शेतकऱ्याच्या दारात ती फार दिवस थांबत नाही. सोसायटीचे कर्ज, दुकानदाराची उधारी, मुलीचे लग्न, मुलाची फी, सारे त्याच वेळी उभे असतात. सगळ्यांची हळद एकदम बाजारात येते आणि भाव उतरतात. ज्याला थांबणे परवडते तो ती घेऊन ठेवतो आणि पुढे विकतो. म्हणजे साठ्यातून मिळणारा नफा हा खरे तर थांबू शकण्याचा नफा आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्यावर सवलतीच्या व्याजाने कर्ज घेता येते. २००७ साली गोदामांविषयी केंद्राचा कायदा झाला, गोदामाच्या पावतीवर बँकेने कर्ज द्यावे अशी व्यवस्था झाली. या चांगल्या गोष्टी आहेत. कारण त्या थांबण्याची शक्ती ज्याच्याजवळ नाही त्याला देऊ पाहतात. परंतु या योजनेची माहिती किती शेतकऱ्यांच्या मुलांना आहे? आपल्या वर्गातच हात वर करायला सांगून पाहावे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. तुम्ही साठ्याची एवढी निंदा करता, मग दुष्काळात काय खाणार? पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारे कशासाठी बांधली? वेढा पडला तर गड जगावा म्हणून. आपल्या आजीने माळ्यावर कणग्या का ठेवल्या? १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला ‘लागेल तेवढेच ठेवा’ असे सांगायची माझी छाती होणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी साठ्याला नासाडी ठरवले. सुटा भाग हवा तेव्हाच आणि हवा तेवढाच यावा, अशी रीत बसवली. साऱ्या जगाने तिची वाहवा केली. परंतु २०२० साली कोरोनाची साथ आली, वाहतूक अडली आणि ज्यांच्याजवळ साठा नव्हता त्यांचे हाल सर्वांनी पाहिले. तेव्हा साठा नकोच असे म्हणणे पोरकटपणाचे होईल.

आक्षेप मान्य आहे. पण तो माझ्या म्हणण्याच्या आड येत नाही. दुष्काळासाठी ठेवलेला साठा आणि केवळ साठतो म्हणून साठलेला साठा यांत भेद आहे, आणि तो भेद साठ्याच्या आकारावर नसून दारावर आहे. दार उघडणार केव्हा, कोणासाठी आणि कोणाच्या हुकमाने, हे ज्या साठ्याचे ठरलेले आहे तो साठा गावाला तारतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. दुष्काळात त्यांनी बादशाहीची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, अशी ती कथा. तिच्यात चमत्काराचा भाग आहे. पण लोकांनी तिला शतकानुशतके जपले ते केवळ चमत्कारासाठी नव्हे. ज्याने कोठारे भरली त्या बादशहाचे नाव कथेत गौण झाले, आणि ज्याने कुलूप काढले त्याला लोकांनी संत म्हटले. लोकांचे अर्थशास्त्र किती नेमके असते पाहा.

आणि दार न उघडल्याचा दाखलाही दूरचा नाही. २००१ साली आपल्या देशाच्या सरकारी गोदामांत सुमारे सहा कोटी टन धान्य होते, ठेवायला जागा पुरत नव्हती, आणि त्याच वेळी काही राज्यांत माणसे उपाशी होती. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्या वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने शाळांतून मुलांना शिजवलेले अन्न द्यावे, असा आदेश दिला. माध्यान्ह भोजनाची खिचडी खाऊन माझ्यासारखी जी मुले सातवी-आठवीपर्यंत पोहोचली, त्यांनी हे लक्षात ठेवावे की आपल्या ताटातील ती खिचडी एका अडलेल्या कोठाराचे दार उघडल्यामुळे आलेली होती.

‘रिमवर्ल्ड’ नावाचा दुसरा एक वसाहतीचा खेळ आहे. टायनन सिल्व्हेस्टर यांनी तो रचला. त्यात एक नियम मोठा मार्मिक आहे. वसाहतीची संपत्ती जितकी वाढते तितक्या मोठ्या टोळ्या तिच्यावर चालून येतात. त्या संपत्तीच्या मोजणीत कोठारात पडून असलेला मालही धरला जातो, मग तो कोणाच्या उपयोगाचा असो वा नसो. म्हणजे न लागणारा माल जपणाऱ्याला तो माल राखण्यासाठी भिंती बांधाव्या लागतात, पहारेकरी ठेवावे लागतात, आणि त्या पहारेकऱ्यांना पोसण्यासाठी पुन्हा साठा! खेळ रचणाऱ्याने हा नियम खेळ रंगावा म्हणून घातला असेल. मला मात्र तो वाचताना आमच्याकडच्या कितीतरी बंद दारांची आणि त्यांवरच्या कुलपांची आठवण होते.

मित्रहो, या साऱ्यावरून मला चार प्रश्न सुचतात, आणि कोणत्याही साठ्यापुढे, मग तो हळदीचा असो, दगडांचा असो की पुस्तकांचा, ते विचारावेत असे माझे मत आहे. हा साठा कशासाठी? किती झाला म्हणजे पुरे? तो कोणत्या वाटेने बाहेर पडणार? आणि तो कोणाच्या पाठीवर हलणार? पहिले तीन प्रश्न खेळ शिकवतो. व्यापारशास्त्राची पुस्तकेही शिकवतात. चौथा प्रश्न मात्र बहुतेक पुस्तकांतून गळालेला दिसतो, कारण पुस्तके लिहिणाऱ्यांच्या पाठीवर पोते कधी आले नसावे. तो प्रश्न विचारायचा तर तो आमच्यासारख्या घरांतून आलेल्या मुलांनीच विचारला पाहिजे.

प्राध्यापकवर्गाला माझी एक नम्र विनंती आहे. अर्थशास्त्राच्या व वाणिज्याच्या प्रकल्पांसाठी दरवर्षी आपण ‘बाजारपेठेचा अभ्यास’ असा विषय देतो आणि आम्ही दहा दुकानदारांना तीच दहा कोरी प्रश्नपत्रके वाटून येतो. त्याऐवजी एकदा असे करून पाहावे. दोन-दोन विद्यार्थ्यांनी कुपवाडच्या किंवा मार्केट यार्डातल्या एका गोदामात, मालकाच्या परवानगीने, एक पूर्ण दिवस काढावा. किती पोती आत आली आणि किती बाहेर गेली ही नोंद तिथे असतेच. आम्ही न असलेली नोंद करावी: किती पोती आतल्या आत हलली, किती वेळा हलली, कोणत्या बुजलेल्या वाटेमुळे हलली आणि त्यासाठी किती पावले चालावी लागली. त्या आकड्यांचा तक्ता करून तो मालकालाही दाखवावा आणि हमालांनाही. मला खात्री आहे की पुष्कळ मालक तो पाहून चकित होतील, कारण वाट सोडण्यात त्यांचाही फायदा आहे. तो त्यांना आजवर दिसला नाही इतकेच. खेळाडूला तो दिसतो, कारण त्याचा पडदा अडखळतो. ज्यांचा पडदा अडखळत नाही त्यांना आपण कागदावर दाखवू.

आणि थप्पी कशी मारावी, वाट कुठे सोडावी, हे ठरवताना एकदा हमालाला विचारावे. त्याला ते ठाऊक असते. आजवर त्याला कोणी विचारलेले नाही.